दक्षिणेच्या रमण्यापासून मेरिट लिस्टपर्यंत

कॉलेजात गेलेल्या आपल्या प्रत्येक मुलामुलीने हे वाक्य कधी ना कधी ऐकलेले असते, "तुमचं काय बाबा, तुम्हाला स्कॉलरशिप आहे!" बोलणारा कधी वर्गमित्र असतो, कधी ऑफिसातला क्लार्क, कधी चक्क प्राध्यापक. त्याच्या डोक्यात शिष्यवृत्त्यांचे दोन ढीग असतात. एका ढिगात 'मेरिट'ची शिष्यवृत्ती. ती घाम गाळून, स्पर्धेत पहिले येऊन मिळवलेली, म्हणून घरी फ्रेम करून लावण्यासारखी. दुसऱ्या ढिगात आपली. ती जातीच्या दाखल्यावर मिळालेली, म्हणून खैरात. वाईट याचे वाटते की आपल्यातले काही शिकलेसवरलेले लोकही ही वाटणी मान्य करून बसले आहेत. 'आमच्या पोराने ओपनमधून घेतली' हे सांगताना त्यांचा आवाज जरा वर चढतो.

या वाटणीला इतिहासाचा काही आधार आहे का, एवढेच आम्हाला इथे तपासायचे आहे. त्यासाठी फार लांब जायला नको. पुणे आणि मुंबई, म्हणजे ज्या भूमीवर मुंबई विद्यापीठ उभे राहिले तिथलाच जमाखर्च पुरेसा आहे.

या भूमीवर विद्येच्या नावाने सरकारी तिजोरीतून दरसाल पैसा वाटण्याची सगळ्यात मोठी व्यवस्था कोणती? दक्षिणा. ती सुरू केली तळेगावच्या दाभाड्यांनी. 1731 साली डभोईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे मारले गेले आणि पुढे ही प्रथा पेशव्यांनी पुण्यात आणली. दर श्रावणात दूरदूरचे ब्राह्मण पुण्याला लोटत. नामांकित शास्त्री-पंडितांची परीक्षा होई. ज्याचे अध्ययन मोठे त्याला रक्कम मोठी. बाकीच्यांना पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात घेऊन सरसकट वाटप होई. दुसऱ्या बाजीरावाच्या काळापर्यंत हा खर्च लाखांच्या घरात गेलेला होता. हा पैसा आकाशातून पडत नव्हता. कुणब्याच्या साऱ्यातून तो येत होता, आणि ज्या महाराच्या गळ्यात त्याच पुण्यात मडके बांधले जात होते त्याच्या वेठबिगारीवर ते राज्य चालत होते.

आता नीट बघा. परीक्षा होती, प्रतवारी होती, हुशाराला जास्त आणि सामान्याला कमी असा हिशेबही होता. म्हणजे आज ज्याला मेरिट म्हणतात ते सगळे होते. फक्त परीक्षेला बसायला जन्म ब्राह्मणाचा लागत होता. जातीच्या दाखल्यावर मिळणारी या महाराष्ट्रातली सगळ्यात मोठी शिष्यवृत्ती हीच. दाखला कागदाचा नव्हता, जानव्याचा होता, एवढाच फरक.

1818 ला पेशवाई बुडाली. आपल्याला वाटेल, दक्षिणाही बुडाली असेल. नाही. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा धोरणी माणूस होता. पुण्याचा ब्राह्मणवर्ग एकदम बिथरू नये म्हणून त्याने दक्षिणा चालू ठेवली, फक्त तिला सालीना 50,000 रुपयांची मर्यादा घातली. 6 ऑक्टोबर 1821 रोजी विश्रामबागवाड्यात हिंदू कॉलेज, म्हणजे संस्कृत पाठशाळा उघडली, तीही याच दक्षिणेच्या पैशावर. विद्यार्थी ब्राह्मण, शिक्षक ब्राह्मण, शिकण्यासाठी दरमहा वेतन. पुढे हेच 1851 मध्ये पूना कॉलेज झाले आणि त्यातूनच डेक्कन कॉलेज. आज ज्या संस्थेच्या आवारात आपली मुले भाषाशास्त्र आणि पुरातत्त्व शिकतात, तिच्या जन्माचा खर्च दक्षिणेच्या खात्यातला आहे. डेक्कन कॉलेजचा अपमान करण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. 'मेरिटच्या संस्था' कशा उभ्या राहिल्या ते कळावे म्हणून सांगतो.

दक्षिणेला पहिला धक्का आतूनच बसला. 1849-50 च्या सुमारास लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख आणि काही तरुण सुधारकांनी सरकारकडे अर्ज करायचे ठरवले. दक्षिणेतला काही पैसा मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्या, अशी मागणी होती. सनातनी खवळले, मारहाणीची भाषा सुरू झाली. तेव्हा या ब्राह्मण सुधारकांच्या संरक्षणाला जोतीराव फुले आपली माणसे घेऊन उभे राहिले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ज्या पैशातला छदामही आपल्या समाजाला मिळत नव्हता, त्या पैशाच्या सुधारणेसाठी जोतीराव उभे राहिले! 1851 मध्ये सरकारने दक्षिणा प्राइज कमिटी नेमली. चांगल्या मराठी पुस्तकाला बक्षीस देऊ, कोणीही लिहावे. जन्माची अट गेली, स्पर्धा आली.

या खुल्या स्पर्धेत 1855 साली एक हस्तलिखित दाखल झाले. नाव 'तृतीय रत्न', लेखक जोतीराव गोविंदराव फुले. गर्भार शेतकरी बाई आणि तिचा नवरा यांना जोशी कसा लुबाडतो आणि शेवटी ते दोघे शिकायला कसे निघतात, असे ते नाटक. मराठी रंगभूमीच्या आरंभीच्या काळातले, तेही सामाजिक विषयावरचे. कमिटीने ते नाकारले. कमिटीतल्या ब्राह्मण सभासदांमुळे हे घडले, अशी नोंद जोतीरावांनी स्वतःच करून ठेवली आहे. अर्ज करायची मुभा सगळ्यांना होती, यात वादच नाही. पण पेपर तपासणारे कोण होते? 'स्पर्धा खुली आहे' असे कोणी म्हणाले की आपण हा दुसरा प्रश्न विचारायला विसरतो.

18 जुलै 1857 ला मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला. दक्षिणेच्याच पैशातून आता कॉलेजांत 'दक्षिणा फेलो' नेमले जाऊ लागले. परीक्षेत चमकलेल्या विद्यार्थ्याला वेतन मिळे, त्याने पुढे अभ्यास करावा आणि थोडे शिकवावे, अशी ती योजना होती. आजच्या जेआरएफची ही आजीच म्हणा ना. 1862 साली विद्यापीठाचे पहिले चार बी.ए. बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. चौघेही ब्राह्मण जातींतले. यांतले रानडे आणि भांडारकर दोघेही दक्षिणा फेलो होते. त्यांची विद्वत्ता आम्ही नाकारत नाही. रानड्यांचे काम आणि भांडारकरांचे संशोधन कुणालाही नाकारता येणार नाही. आम्ही एवढेच म्हणतो की त्यांच्या विद्वत्तेला खतपाणी घालणारा पैसा रमण्यातून आलेला होता. रमण्यात जात विचारून वाटत होते, कॉलेजात गुण विचारून वाटू लागले. पैसा तोच राहिला आणि घेणारी घरेही बहुतेक तीच राहिली. बदलले ते फक्त नाव. कालची दक्षिणा आज गुणवत्ता झाली आणि घेणाऱ्याला मान वर करून चालता येऊ लागले.

मग आपली माणसे स्पर्धेत हरली होती का? स्पर्धेच्या दारापर्यंत पोचलेलीच नव्हती. विद्यापीठ स्थापन होण्याच्या एकच वर्ष आधी, जून 1856 मध्ये, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. शाळा सरकारी, पैसा सरकारी. तरी त्याला नकार मिळाला आणि मुंबई सरकारने त्या नकाराला हात लावला नाही. एका मुलासाठी बाकीच्या मुलांचे पालक नाराज करायचे का, असा तो विचार. बाबासाहेबांनी 1928 साली सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात हे प्रकरण मुद्दाम काढले आहे. त्याच निवेदनात 1881-82 चे आकडे आहेत. त्या साली मुंबई इलाख्यातल्या कॉलेजांत निम्मे विद्यार्थी ब्राह्मण होते. हायस्कूल आणि कॉलेज या दोन्ही रकान्यांत अस्पृश्यांच्या नावापुढे शून्य होते. शून्याचे मेरिट कसे मोजणार?

हंटर कमिशन आले ते याच वर्षी. 19 ऑक्टोबर 1882 चे जोतीरावांचे निवेदन आपल्यातल्या बहुतेकांना प्राथमिक शिक्षणाच्या मागणीसाठी माहीत असते. बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे करा, शेतकऱ्याच्या घामाचा पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर उधळू नका, विद्या वरून खाली झिरपेल ही समजूत फोल आहे. हे सगळे भाषणांत येते. पण त्याच निवेदनात शिष्यवृत्त्यांवरही थोडा मजकूर आहे. त्याकडे कोणी लक्ष देत नाही.

जोतीराव काय म्हणतात ते आमच्या शब्दांत सांगतो. सरकारी शिष्यवृत्त्या आधीच मूठभर आहेत. त्यांतल्या काही, ज्या वर्गांत विद्येचा शिरकावच झालेला नाही त्यांच्यासाठी राखून ठेवाव्यात. आणि स्पर्धा लावून शिष्यवृत्ती देण्याची जी पद्धत आहे, ती तत्त्व म्हणून पाहिली तर न्यायाची दिसते, पण तिच्यामुळे इतर वर्गांत विद्येचा प्रसार होत नाही.

या शेवटच्या मुद्द्यावर थोडे थांबू या. जोतीराव स्पर्धेला लबाडी म्हणत नाहीत. कागदावर ती न्याय्य आहे हे ते मोकळेपणाने मान्य करतात. त्यांचा सवाल वेगळाच आहे. शिष्यवृत्ती कशासाठी असते? जो पुढे आहे त्याला शाबासकी द्यायची असेल तर स्पर्धा ठीकच आहे. विद्या जिथे पोचली नाही तिथे पोचवायची असेल तर स्पर्धा हे चुकीचे हत्यार आहे. स्पर्धा फक्त आधीच पोचलेल्यांमध्ये निवड करते. ज्याच्या घरात तीन पिढ्या पोथी आहे त्याचा पोरगा आणि ज्याच्या घरात पहिल्यांदा पाटी आली त्याचा पोरगा एका रेषेवर उभे केले, शिट्टी वाजवली, आणि जो आधी पोचला त्याला सांगितले, हा घे पैसा, आता आणखी पुढे जा. पुढच्या शर्यतीत अंतर आणखी वाढणार. हे आजचे समाजशास्त्रज्ञ जाडजूड पुस्तकांत सांगतात. जोतीरावांनी ते एका परिच्छेदात सांगून ठेवले, तेही विद्यापीठ अवघे पंचवीस वर्षांचे असताना.

त्याच निवेदनात आणखी एक सूचना आहे. ती आज मुक्त विद्यापीठाच्या काळात फार साधी वाटेल. खासगी अभ्यास करून प्रवेश परीक्षेला, म्हणजे मॅट्रिकला बसायची मुभा मुंबई विद्यापीठाने दिली होती. तीच बी.ए., एम.ए.ला द्या, असे जोतीराव म्हणाले. कॉलेजची फी आणि शहरातला खर्च ज्याला झेपत नाही त्याने घरी अभ्यास करून पदवी घ्यावी. शिष्यवृत्ती आणि खासगी परीक्षा या दोन्ही सूचनांमागे माणूस एकच दिसतो, खेड्यातला, पैसा नसलेला, पण शिकू पाहणारा.

1882 चे हे बोलणे किती खरे होते, याचा दाखला पुढच्या पंचवीस वर्षांत एका विद्यार्थ्याने दिला.

मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला एक शिष्यवृत्ती मानाची समजली जाई, जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती. नाना शंकरशेठ 1865 साली गेले. त्यांच्या नावाने ती पुढच्याच वर्षापासून सुरू झाली. मॅट्रिकला संस्कृतमध्ये जो अव्वल येईल तो तिचा मानकरी. ती मिळवलेल्या माणसाच्या चरित्रात हा उल्लेख पहिल्या दोन पानांत येतोच. (नाना शंकरशेठ स्वतः दैवज्ञ. ज्या सोनारांनी धोतराला काष्टा घालू नये, नमस्कार म्हणू नये असे हुकूम पेशवाईत निघाले, त्याच जातीतला हा दानशूर माणूस. त्याच्या नावाने ब्राह्मणी विद्येचे बक्षीस दिले जावे, हा आणखी एक विनोद.) या शिष्यवृत्तीच्या नियमात जात कुठेच नव्हती. संस्कृतला गुण मिळवा आणि घेऊन जा.

एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये भीमराव रामजी आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्याला संस्कृत शिकायचे होते. त्याच्या भावालाही शिकायचे होते. महाराच्या मुलांना संस्कृत शिकवायला शिक्षकाने नकार दिला. मुकाट्याने फारसी घ्यावी लागली. म्हणजे विद्यापीठाच्या कागदावर स्पर्धा सर्वांना खुली होती, शाळेच्या वर्गात विषयच बंद होता. विद्यापीठाला यात जातिभेद दिसला नसणार. त्याच्याकडे उत्तरपत्रिका आल्या, त्याने गुण मोजले, बक्षीस दिले. उत्तरपत्रिका लिहायलाच ज्याला बसू दिले नाही, त्याची नोंद कोणत्या रजिस्टरात होते?

1907 साली भीमराव मॅट्रिक झाले. 750 पैकी 282. टक्केवारीत मांडले तर साडेसदतीसच्या आसपास. त्या काळी गुण हात आखडून दिले जात, आजच्यासारखे नव्वदीचे पीक नव्हते, हे खरे. तरीही हे गुण कुठल्याही मेरिट लिस्टात बसणारे नव्हते. परळच्या चाळीतली एक खोली, तिच्यात सगळे कुटुंब, रात्री सगळे निजल्यावर कंदिलाच्या उजेडात अभ्यास. पण त्या चाळीत ही बातमी पोचली तेव्हा लोकांनी सत्कार केला. सी. के. बोले अध्यक्ष होते आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपले बुद्धचरित्र भेट दिले. टक्केवारी कुणी विचारली नाही.

पाच वर्षांनी, 1912 मध्ये, चिंतामणराव देशमुख मॅट्रिकला विद्यापीठात पहिले आले आणि जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्तीचे मानकरी ठरले. हा मोठा माणूस होता, यात शंका नाही. ते पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. पण भारतीय चलनाच्या प्रश्नावर लंडनमधून डी.एस्सी. मिळवणारा, 1923 ला 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' लिहिणारा आणि 1925 ला हिल्टन यंग कमिशनपुढे साक्ष देणारा माणूस मात्र 282 गुणांचा होता. 1950-51 मध्ये हे दोघे एकाच मंत्रिमंडळात होते, एक अर्थमंत्री, एक कायदामंत्री. विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या निकालपत्रावरून हे कुणाला सांगता आले असते?

282 गुणांच्या या विद्यार्थ्याला कॉलेजात कुणी टिकवले? कोणत्याही स्पर्धेने नाही. केळुसकर गुरुजी त्याला घेऊन सयाजीराव महाराजांकडे गेले. महाराजांनी चार प्रश्न विचारले, उत्तरे ऐकली आणि दरमहा 25 रुपये मंजूर केले. एल्फिन्स्टन कॉलेजातले प्राध्यापक मुल्लर पुस्तके देत, कपडेही देत. 1913 ला बडोद्याने महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. बदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून घेतला. या पैशावर कोलंबिया विद्यापीठात त्यांनी एकट्या अर्थशास्त्राचे 29 अभ्यासक्रम घेतले. मुदत संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धा टाकून 1917 ला परत यावे लागले. साडेसदतीस टक्केवाल्याचे 'मेरिट' कुठे होते हे न्यूयॉर्कला गेल्यावर कळले. आधी पैसा मिळाला, मग गुणवत्ता दिसली. मेरिटवाले हा क्रम उलटा सांगतात.

बाबासाहेबांनी हे स्वतःच्या अंगावर भोगले होते, म्हणून पुढे धोरण मांडताना ते शिष्यवृत्तीच्या प्रश्नाकडे फार बारकाईने बघतात. मुंबई कायदेमंडळात सभासद असताना त्यांनी एक मत मांडले. ते आजही आपल्यातल्या काहींना दचकवते. अस्पृश्य मुलांना सुट्या शिष्यवृत्त्या देणे म्हणजे सरकारी पैसा वाया घालवणे, असे ते म्हणाले. का? ज्या घरात चूल पेटण्याची भ्रांत आहे तिथे पोराच्या नावाने आलेले चार रुपये चुलीत जातात. ते बापाचे पाप नाही. पण पोराचे शिक्षण होत नाही हेही खरे. शिवाय त्या घरात, त्या वस्तीत अभ्यासाला जागा नसते. म्हणून तोच पैसा वसतिगृहांवर खर्च करा. मूल राहील, खाईल, शिकेल. बहिष्कृत हितकारिणी सभेने 4 जानेवारी 1925 ला सोलापुरात वसतिगृह काढले ते याच विचाराने. कोल्हापुरात शाहू महाराजांनी जातवार वसतिगृहे उभी केली, 1908 ला अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह काढले, तीही हीच वाट. विद्यार्थ्याला रेषेवर उभे करून शिट्टी फुंकण्याआधी त्याला पोटभर जेवायला आणि दिव्याखाली बसायला जागा द्यायची.

1927 ला मुंबई विद्यापीठाच्या कायद्यातल्या दुरुस्तीवर बोलताना बाबासाहेबांनी मागासवर्गांना सिनेटवर जागा मागितल्या. शिष्यवृत्त्या, अभ्यासक्रम, परीक्षा हे सगळे ठरते कुठे? विद्यापीठाच्या मंडळांत. तिथे आपला माणूस नसेल तर 'तृतीय रत्न'चे जे झाले तेच पुन्हा होणार. बाकी सुखे एक वेळ सोडू, पण उच्च शिक्षणावरचा हक्क सोडणार नाही, असा त्या भाषणाचा सूर आहे.

मग 1942. जुलैमध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. 29 ऑक्टोबर 1942 ला त्यांनी लॉर्ड लिनलिथगोंना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यातला शिक्षणाचा भाग प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावा. ते म्हणतात, आमची मुले कला आणि कायद्याकडे जातात, कारण ते स्वस्त आहे. विज्ञान आणि तंत्रज्ञान महाग आहे म्हणून तिथे ती दिसत नाहीत, आणि पुढचा काळ तर त्याच विद्यांचा आहे. सरकार बनारस हिंदू विद्यापीठाला आणि अलिगढ विद्यापीठाला दरसाल तीन-तीन लाख देते. मग अनुसूचित जातींसाठीही तीन लाख द्या. दोन लाख देशातल्या विज्ञान-तंत्र शिक्षणाच्या शिष्यवृत्त्यांना, एक लाख परदेशी शिक्षणाला. हा हिशेब मागण्याचा ढंग बघा. इथे कुणाच्या दयेचा प्रश्नच नाही. सरकार दोन समाजांच्या विद्यापीठांना देते, तेवढाच आमचा वाटा, असा व्यवहार आहे.

1944 पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. तीच आज आपण महाडीबीटीवर भरतो. या योजनेचा पाया काय आहे? पालकाचे उत्पन्न मर्यादेच्या आत, आज ती अडीच लाख आहे. विद्यार्थी मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात शिकत असला पाहिजे. संपले. मेरिट लिस्ट नाही. पहिल्या दोनशेंना देऊ आणि बाकीच्यांनी घरी जा, असे नाही. जो पात्र, त्याला मिळाली पाहिजे. जोतीरावांनी 1882 ला जे मागितले ते बासष्ट वर्षांनी असे कागदावर आले. बाबासाहेबांनी तेवढ्यावर न थांबता 1946 ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले. सकाळी वर्ग भरवले, म्हणजे पोरांना दिवसा नोकरी करता यावी. 1950 ला औरंगाबादेत मिलिंद कॉलेज काढले. निजामी मराठवाड्यात, जिथे कॉलेज शोधायला हैदराबादेकडे तोंड करावे लागायचे, तिथे शेतमजुराची पोरे वसतिगृहात राहून पदवीधर झाली. त्यांतल्या किती जणांना मॅट्रिकला पंचाहत्तर टक्के होते, हे आजवर कुणी विचारल्याचे आम्हाला आठवत नाही.

हा पंचाहत्तरचा आकडा आम्ही उगाच काढलेला नाही. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिकायला पाठवणाऱ्या राज्य सरकारच्या योजनेत 2024 साली 75 टक्के गुणांची अट घालण्यात आली होती. योजनेला नाव राजर्षी शाहू महाराजांचे! विद्यार्थी आणि संघटना उठल्या आणि ती अट मागे घ्यावी लागली. पण ती सुचली कुणाला आणि का? परदेशातले नामांकित विद्यापीठ त्या मुलाला प्रवेश देते, त्याची योग्यता तपासून देते. त्यानंतर इथल्या मंत्रालयात कुणीतरी त्याची दहावीची गुणपत्रिका उघडते. 282 गुणांचा मुलगा या खिडकीवर आला असता तर त्याला अर्ज भरायलाही मिळाला नसता.

संशोधनाचेही तेच. बार्टीची बाबासाहेबांच्या नावाची अधिछात्रवृत्ती. जागा 200 ठेवल्या की बाकीचे आपोआप 'कमी गुणवत्तेचे' ठरतात. 2021 च्या तुकडीतले 861 संशोधक 2023 मध्ये आझाद मैदानात धरणे धरून बसले ते याच कारणाने. पीएच.डी.ला त्यांचा प्रवेश झालेला होता, विद्यापीठाने त्यांना पात्र ठरवले होते. मग पुन्हा स्पर्धा कशाची? पुढे बार्टी, सारथी आणि महाज्योती या तिन्ही संस्थांच्या विद्यार्थ्यांना एका सीईटीत बसवले गेले. परीक्षा घेणार सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. 24 डिसेंबर 2023 ला पेपर झाला आणि तो 2019 च्या सेट परीक्षेचाच निघाला. 10 जानेवारी 2024 ला फेरपरीक्षा ठेवली, तर प्रश्नपत्रिकेच्या काही संचांना सील नाही म्हणून मुलांनी बहिष्कार टाकला. गुणवत्ता मोजायला निघालेल्या यंत्रणेची गुणवत्ता ही अशी.

आपल्यातले काही म्हणतात, स्पर्धेला घाबरायचे कशाला, आपली पोरे आता कुणाला हार जात नाहीत. ते खरे आहे, आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. यूपीएससीत, नेटमध्ये, परदेशी विद्यापीठांत ती दिसतातच. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज गुणवत्ता शिष्यवृत्ती आहे, दहावीला 75 टक्के मिळवलेल्या अनुसूचित जातीच्या मुलांना अकरावी-बारावीत महिना 300 रुपये. आपल्या मुलांनी ती जरूर घ्यावी. भीती स्पर्धेची नाहीच. मूळ शिष्यवृत्ती जी हक्क म्हणून मिळाली, ती हळूच स्पर्धेच्या खात्यात वळती केली जाते, तक्रार तिथे आहे. जागांवर मर्यादा घालायची, मग मर्यादा आहे म्हणून चाळणी लावायची, चाळणी आहे म्हणून आतल्यांना गुणवंत आणि बाहेरच्यांना नालायक ठरवायचे. दोनशेतला पोरगा आणि दोनशे एकावा पोरगा एकाच हॉस्टेलात, एकाच खोलीत राहतात. चाळणी लागली की ते एकमेकांचे प्रतिस्पर्धी होतात आणि सरकारच्या बजेटाबद्दल दोघेही बोलायचे थांबतात.

पुढच्या वेळी अधिछात्रवृत्तीची किंवा परदेशी शिष्यवृत्तीची जाहिरात निघेल तेव्हा गुणांच्या अटीआधी जागांचा आकडा वाचा. मागच्या वर्षी किती पात्र होते आणि किती जणांना प्रत्यक्ष पैसे मिळाले, हे माहितीच्या अधिकारात मागवा. समाजकल्याण आयुक्तांना निवेदन देणार असाल तर सोबत जोतीरावांच्या 1882 च्या निवेदनातला शिष्यवृत्तीचा परिच्छेद झेरॉक्स काढून जोडा. महात्मा फुले समग्र वाङ्मयात तो आहे, आणि ते पुस्तक महाराष्ट्र शासनाच्याच साहित्य आणि संस्कृती मंडळाने छापलेले आहे.